सतरा नंबरची पुस्तिका

दोन जावांतली मोठी शिवणवालीच्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली. शिवणवालीने मान वर करून पाहिलं. मशीनवर शाळेच्या गणवेशाची बाही होती आणि अशा अकरा बाह्या अजून व्हायच्या होत्या. ती थांबायला गेली तर मोठीने हातानेच खुणावलं, चालू राहू दे म्हणून. मशीनचा आवाज असला की भिंतीपलीकडच्या दुकानदाराला बोलणं ऐकू जात नाही, हे गावातल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. अर्ध्या गावाची दुखणी त्या आवाजाखाली सांगून झाली होती.

"चार महिने झाले, अंगावरून जातंय," मोठी म्हणाली. "थांबायचं नावच नाही. काल तपासून आले. आत गाठ आहे म्हणे. पिशवी काढायला सांगितलीय, आणि लवकर."

शिवणवालीचा पाय मशीनखाली तसाच थांबला.

"तुझी पिशवी काढून तीन वर्षं झाली," ती म्हणाली.

"कागदावर."

"कागदावर. आणि त्या कागदाखाली माझी सही आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," मोठी म्हणाली. "आणि मशीन चालव बाई, पलीकडे कान टवकारले असतील."

शिवणवालीने रिकामंच मशीन चालवायला घेतलं.

या बायकांचा दवाखान्याचा विमा कुठल्या कंपनीचा नव्हता, त्यांनी तो आपला आपण उभा केला होता. आसपासच्या नऊ गावांतल्या बचत गटांचा मिळून एक निधी होता. वर्षातून एकदा प्रत्येकीने आपला वाटा भरायचा आणि जिच्यावर दवाखान्याची पाळी येईल तिचं त्यातून भागवायचं. प्रत्येकीला एका नंबराचं कार्ड आणि सोबत एक वीतभर पुस्तिका. झालेलं प्रत्येक दुखणं त्या पुस्तिकेत लिहायचं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला मागचं कळतं. हे सगळं त्यांनी कुणाला न विचारता ठरवलेलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पहिल्याच वर्षी एका बाईने न झालेल्या ऑपरेशनचे कागद आणले आणि सगळ्यांना उल्लू बनवलं. तेव्हापासून पाहणी सुरू झाली. ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी समितीतल्या एकीने जायचं, दार लावून घ्यायचं, टाके स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि मगच सही करायची. हे काम शिवणवालीच्या गळ्यात पडलं. "टाक्यातलं हिच्याइतकं कुणाला कळतंय," असं गिरणीवाली म्हणाली आणि सगळी सभा पोट धरून हसली. गिरणीवाली म्हणजे गटाची अध्यक्ष. तिच्यापुढे पिठाची गिरणीसुद्धा दबकून चालते, असं तिचा नवराच सांगत फिरायचा. तर तेव्हापासून शिवणवालीने नऊ गावांतली मिळून पन्नासेक पोटं पाहिली होती. पाच वर्षांपूर्वी मोठीचा डावा पाय सुजून खांबासारखा झाला, शिरेत रक्ताची गाठ निघाली, अकरा दिवस ती दवाखान्यात होती. तोही पाय शिवणवालीनेच पाहिला होता. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. सतरा नंबरच्या पुस्तिकेतलं पहिलं पान त्या पायाचं होतं.

दुसऱ्या पानाची गोष्ट वेगळी होती. मोठी आणि धाकटी या एकाच घरातल्या जावा. मोठीला मूल नव्हतं, नवरा कधीच गेलेला. धाकटीची दोन पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली आणि तिला मोठी आई म्हणायला लागली. तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. ती पांढरीफटक पडली, भिंतीला धरून चालायला लागली. तिचं कार्ड नवं होतं, बावीस नंबर, गटातलं सगळ्यांत शेवटचं. वर्षाच्या आतल्या कार्डाला ऑपरेशन मिळत नसे आणि धाकटीचं कार्ड होतं पाच महिन्यांचं. मोठीने आपलं कार्ड तिच्या मुठीत कोंबलं. त्यावरचा फोटो, सगळ्याच कार्डांवरच्यासारखा, इतका धुरकट होता की गावातल्या कुठल्याही बाईचा म्हणून खपला असता.

शिवणवाली पाहणीला गेली तेव्हा खाटेवर धाकटी निजलेली होती आणि मोठी, जिच्या नावावर ऑपरेशन झालं होतं ती, भिंतीला टेकून उभी होती. मोठीने दार लावलं, पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, "बघ." शिवणवालीने पाहिलं. टाके खरे होते, दुखणं खरं होतं. तिने सतरा नंबरच्या दुसऱ्या पानावर 'गर्भपिशवी काढली' असं लिहिलं आणि सही केली. घरी जाताना तिने मनाची समजूत घातली की चुकला आहे तो फक्त एक आकडा.

पुढे वर्षभराने गिरणीवालीने सभेत एक नियम मांडला. कार्ड दुसरीला दिलं तर देणारी, घेणारी आणि पाहणी करणारी, तिघींचं नाव कायमचं कमी. आणि सगळ्यांत आधी हात वर झाला तो शिवणवालीचाच.

"मी सभेत सांगते," आता ती मोठीला म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे."

काय व्हायचं ते मोठीने वाटेत येतानाच नीट विचार करून ठेवलं होतं. तिघींची नावं जाणार. नाव गेलं की निधी नाही, आणि निधी नाही तर ऑपरेशन नाही. खरं बोलूनही गाठ पोटातच राहणार. मग खरं बोलून कुणाचं भलं होणार, ते एकदा सांग म्हणाली.

"हे बघ," मोठी म्हणाली. "माझी पिशवी कागदावर गेलीय. तिची कागदावर अजून जागच्या जागी आहे. मी तिच्या कार्डावर जाते. फिटंफाट."

आणि ती हसली. शिवणवालीला हसायचं नव्हतं, पण दोन जावांच्या दोन पिशव्यांचा तो हिशोब असा काही डोळ्यांपुढे उभा राहिला की तिलाही आवरेना. दोघी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलीकडून दुकानदार खाकरला तेव्हा त्या गप्प झाल्या. मोठीने उठताना स्टुलाला धरलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

शिवणवालीने चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत ती दोनदा डबा घेऊन गिरणीवर गेली. दोन्ही वेळा गिरणीवालीने तिच्याकडे पाहिलं, काय गं, म्हणून विचारलंही. दोन्ही वेळा ती नुसतं दळण घेऊन परत आली.

समितीतल्या एकीने सोबत जायचं हाही त्यांचाच नियम. त्यामुळे पाचव्या दिवशी शिवणवाली मोठीबरोबर बसमध्ये बसली. धाकटीचं ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जायची सोय नव्हती, तिथल्या नर्सबाईंना चेहरे आठवले असते. म्हणून त्या यादीतल्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. वाटेत मोठीने धाकटीचं वय, नवऱ्याचं नाव, पोरांची वयं पुन्हा पुन्हा घोकली. नवऱ्याचं नाव घेताना दर वेळी अडखळत होती, कारण लग्न होऊन आल्यापासून त्याला तिने दीर म्हणूनच पाहिलेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, मग मोठीकडे पाहिलं.

"वय अडतीस?"

मोठीला एकोणपन्नासावं लागलं होतं. "दिसत नाही ना?" ती म्हणाली. "आमच्याकडे वय जरा घाईत असतं, डॉक्टरबाई."

डॉक्टरीणबाई हसल्या. मुलं किती, म्हणून त्यांनी विचारलं. दोन, मोठी म्हणाली. तेवढ्यावर थांबायचं होतं, तसं ठरलंही होतं. पण ती थांबली नाही. मुलगी सहावीत आहे, गणितात हुशार आहे, मुलगा उनाड आहे पण माझ्याशिवाय जेवत नाही, असं तिने न विचारता सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर फक्त दोनचा आकडा लिहिला. शिवणवाली जमिनीकडे बघत बसली. गेल्या तीस वर्षांत मोठीचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता आणि तो बघणं तिला जड गेलं.

मग पुस्तिका आली. बावीस नंबरची. पानं चिकटलेली होती, इतकी कोरी.

"आधीचं काही दुखणं? पाय सुजणं, रक्ताची गाठ होणं, असलं काही?"

"काही नाही," मोठी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली आणि शिवणवालीकडे वळल्या. "तुम्ही समितीच्या ना? बरोबर आहे हे?"

शिवणवालीच्या अंगठ्याला तो पाय आठवला. शब्द अगदी ओठांवर आला. पण पाय सांगितला तर तो पुस्तिकेत का नाही, हे विचारणार. मग पुस्तिका कुणाची, हे विचारणार. मग बाई कोण, हे विचारणार. टेबलाखाली मोठीचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला होता आणि दाबत होता.

"पुस्तिकेत आहे तेच," शिवणवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.

ऑपरेशन छान झालं. गाठीसकट पिशवी निघाली. तिसऱ्या दिवशी शिवणवाली भेटायला गेली तर मोठी उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या लेकीचं कौतुक सांगत होती. शिवणवालीला जवळ बोलावून ती हळूच म्हणाली, की कागद जुळले नाहीत तरी दोघी जावांची पोटं जुळली, आता टाके बघ आणि कर सही. डावी पोटरी जरा ठणकते, तेवढंच. झोपून झोपून आखडली असेल. नर्सबाईंना सांग, असं शिवणवालीने बजावलं. सांगते की, मोठी म्हणाली. परतीच्या बसमध्ये शिवणवालीचा जीव भांड्यात पडला होता. अकरा बाह्या राहिल्या होत्या त्या तिने त्याच संध्याकाळी संपवल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मोठी तोंड धुवायला उठली, दोन पावलं टाकली आणि धाप लागून खाली बसली. पाव तासात सगळं संपलं.

शिवणवाली पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली, त्यांनी समजावून सांगितलं. असं कुणाला कधी होईल सांगता येत नाही. एकदा होऊन गेलेलं असेल तर मात्र भीती जास्त असते, अशा बाईला आधीपासूनच औषध चालू करतात.

"पण यांना तर आधी काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तरी काय करणार."

शिवणवालीने आपला अंगठा मुठीत दाबून धरला.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि नवरा कोण, म्हणून विचारलं. धाकटीचा नवरा पुढे झाला. त्याची बायको त्याच्यापासून चार पावलांवर दाराला धरून उभी होती आणि रडताना आवाज बाहेर येऊ नये म्हणून तिने कापडाचा बोळा तोंडात धरला होता. त्याने शिवणवालीकडे पाहिलं. काय करू, असं त्याला विचारायचं होतं. खरं सांगितलं असतं तर चौकशी लागली असती, मोठीला घरी न्यायला मिळालं नसतं. त्याने सही केली. मग कारकून शिवणवालीला म्हणाला, समितीतर्फे तुमची, नाव वाचून करा. तिने वाचलं. कार्ड नंबर बावीस, वय अडतीस. तिने सही केली. गेली ती मोठी आणि कागदावर मेली ती धाकटी.

गावात आणल्यावर मोठीचा चेहरा सगळ्यांनी पाहिला. कागद कुणी मागितला नाही.

पुढच्या महिन्याची सभा गिरणीच्या शेडमध्ये होती, नेहमीप्रमाणे दुपारी, गिरणी बंद ठेवून. शिवणवाली सगळ्यांच्या आधी गेली. दवाखान्याचा कागद तिने गिरणीवालीच्या हातात दिला आणि तीन वर्षांपूर्वीच्या पाहणीपासून सगळं एका दमात सांगून टाकलं. फक्त डॉक्टरीणबाईंनी टेबलापलीकडून काय विचारलं होतं, तेवढं तिच्या तोंडून निघेना. गिरणीवालीने हातांचं पीठ झटकलं. ती आरडाओरडा करेल म्हणून शिवणवाली वाट बघत होती.

"तीन वर्षांपूर्वी," गिरणीवाली म्हणाली, "मोठी ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी नळावरून दोन हंडे घेऊन माझ्या दारावरून गेली. दोन्ही भरलेले."

गिरणीवालीने कागद समोर ठेवला.

"सगळ्यांना ठाऊक होतं गं. तो नियम मी तुझ्याकडे बघून मांडला होता. आता तरी बोलेल, म्हटलं. मग दोन शिव्या घालू आणि हात वर करून सोडून देऊ. तर सगळ्यांत आधी तूच हात वर केलास."

"मी दोनदा डबा घेऊन आले होते," शिवणवाली म्हणाली. "सांगायलाच आले होते."

"आली होतीस ना. दळून दिलं मी तुला." गिरणीवालीचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "मीही नाही विचारलं पुढे."

बायका जमल्या. धाकटी शेवटी आली आणि दाराशी बसली. तिच्या मुलीच्या शाळेतून परवाच चिठ्ठी आली होती, आईचं निधन झाल्याचं मृत्यूच्या नोंदीवरून कळलं, सवलतीचा अर्ज भरा म्हणून. ती चिठ्ठी तिने कुणालाच दाखवली नव्हती, पण गावाला माहीत होती.

गटातली बाई गेली की हजेरीच्या आधी तिचा नंबर तीनदा पुकारायचा, अशी त्यांची रीत होती. कुणी ओ दिली नाही की सगळ्यांनी उभं राहायचं. मग तो नंबर खोडायचा आणि पुन्हा कुणाला द्यायचा नाही. गिरणीवालीने चष्मा लावला. दवाखान्याचा कागद तिच्यापुढे होता आणि निधीला तो कागदच कळत होता. तिने एकदा सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. कुणी मान हलवली नाही, कुणी नाही म्हणालं नाही.

"बावीस," तिने पुकारलं.

धाकटीने मान खाली घातली.

"बावीस."

शेडमध्ये कुणाची तरी बांगडी वाजली आणि थांबली.

"बावीस."

बायका उठल्या. धाकटीही उठली, सगळ्यांबरोबर हात जुळवून उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर खाली बसली. मग हजेरी सुरू झाली. एक, दोन, तीन. सोळा झाल्यावर गिरणीवाली पाणी प्यायली.

"सतरा."

एकीनेही वळून पाहिलं नाही.

"हजर," धाकटी म्हणाली.

सभा संपल्यावर पुस्तिका वाटायचं काम शिवणवालीकडे होतं. सतरा नंबरची तिने सगळ्यांत शेवटी ठेवली. शेड रिकामी झाली तेव्हा ती धाकटीजवळ गेली आणि पुस्तिका तिच्या हातात दिली. धाकटीला अक्षर लावून लावून वाचता यायचं. दुसऱ्या पानावर तिचं बोट सावकाश फिरलं. ते तिचंच होतं, ते तिने ओळखलं. मग ती मागे पहिल्या पानावर आली आणि तिथली अक्षरं लावत राहिली.

"ताई, हे पायाचं जाऊबाईंचं."

"हो."

"आता कुठल्या डॉक्टरने मला विचारलं, तर झालं होतं म्हणायचं?"

"म्हणायचं," शिवणवाली म्हणाली. "न चुकता म्हणायचं."

धाकटीने पुस्तिका मिटली आणि कापडात गुंडाळली. जायला निघाली आणि दारातून मागे वळली.

"पण असलं विचारतात का ते?"

शिवणवालीने गिरणीच्या भिंतीला हात टेकला. पिठाचा पांढरा थर तळव्याला लागला.

"विचारतात," ती म्हणाली.